निवळी

भूमच्या पुढे, खव्याच्या भट्ट्या संपतात तिथे
आमचा पनीरचा कारखाना.
दहा लिटर दुधातून पावणेदोन किलो पनीर,
बाकी सगळी निवळी,
हिरवट पिवळी, कावीळ उतरलेल्या डोळ्यासारखी.

येडबा तिला मोरीचं पाणी म्हणायचा
आणि पाइप ओढ्यात सोडायचा.
ओढा आंबला.
आधी बेडूक गेले, मग काठची लव्हाळी,
मग प्रयागबाई आली, चपला हातात घेऊन:
"माज्या म्हशी ह्या पाण्याला तोंड लावंनात.
आन् दूध तर त्येंचंच हाय की हे."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
नोंदवहीत तक्रारीच्या रकान्यात
मी एकच शब्द लिहिला: वास.

ते परभणीहून आले, थर्मासात, बर्फावर.
काचेच्या नळीत तिरप्या जेलीवर
एक पांढरट ओरखडा.
त्या ओरखड्यात सगळ्या तालुक्याहून जास्त वस्ती.
येडबानं नळी उजेडात धरली,
"ताई, ह्येंचं पोट केवढं, आन् निवळी केवढी!"

मी हिशेब मांडला. एकाचे दोन, दोनाचे चार,
जेवणाची सुट्टी होईतो घरं दुप्पट.
दुधातली उरलेली साखर खातात
आणि स्वतःचं अंग वाढवतात.
ते अंगच प्रथिन.
वाळवायचं, दळायचं, कोंबड्यांना घालायचं.

"म्हंजी पाळायचं ह्येंना?"
पाळायचं. दावं नाही, वेसण नाही,
तीस अंशांची ऊब आणि हवा.
विरजण झाकणाखाली, अंधारात, आपलं आपण लागतं.
ह्यांचं तसं नाही.
ह्यांना श्वास लागतो, सारखा.

पहिला घाणा रात्री मेला.
लाइट गेली. जनरेटर होता, पण तो शीतगृहाचा,
पनीरचा मान पहिला.
बुडबुडे विरळ झाले, मग एकेक, मग नाही.
मी टाकीला कान लावून उभी.
मेलेल्यांना मोजायची रीत आहे,
मला शिकवलेली आहे.
मी मोजले नाहीत.

दुसऱ्या खेपेला लाइट गेली तेव्हा
येडबा कुणाला न विचारता फाट्यावर गेला
आणि मस्तान पंक्चरवाल्याला उठवून घेऊन आला,
डिझेलच्या कॉम्प्रेसरसकट, हातगाड्यावर.
ट्रकच्या चाकात भरायची हवा ती,
तेलकट, रस्त्याची धूळ प्यालेली.
"मंग गाळून घ्या की," मस्तान म्हणाला,
जसा काही चहाच गाळायचाय.

कुकरमध्ये वाफवून ठेवलेला कापूस होता.
पाइपात ठासला, दोन वीत.
आमच्याच काळ्या रानातला असेल, नसेलही.
हवा त्यातून गेली,
टाकी खोकली, गुरगुरली,
आणि वर फेस धरला.

मस्तान काट्यावर नजर ठेवून बसला.
"ट्रकला शंभर, सायकलला चाळीस.
ह्येंना किती पौंड?"
सायकलपेक्षाही कमी, मी म्हटलं.
"मंग लेकरंच हायेत," तो म्हणाला,
आणि चावी आणखी थोडी आवळली.
उजाडेपर्यंत तसाच.

तीन किलो चारशे ग्रॅम.
रंग जुन्या बेसनाचा, वास ओल्या पोत्याचा.
प्रयागबाईच्या कोंबडीनं एकदा टोचलं,
मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं,
मग सगळं टिपलं.
"आन् म्हशींचं काय?" प्रयागबाई.

टाकी दोनशे लिटरची.
निवळी रोज आठ हजार.
ओढा अजून आंबटच आहे, खोटं कशाला सांगू.
फक्त येडबा आता व्हॉल्व्ह सोडताना
जरा थांबतो, हात आखडतो,
कुणाच्या तरी ताटातलं सांडत असल्यासारखा.